भिंतीवरचं मानपत्र

एफुआ, आता तू मध्येच तोडू शकत नाहीस, तेव्हा खरं सांगते. तुझ्या अंत्यविधीच्या दिवशी हॉलबाहेरची गर्दी पाहिली आणि रडू यायच्या आधी मला तुझा हेवा वाटला.

काय माणसं आली होती! रविवारचे ठेवणीतले कपडे घातलेल्या फिलिपिनो बायका, सुट्टी मागून आलेले बांगलादेशी कामगार, काळ्या सुटातले तरुण वकील, आणि आंग मो किओच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांतला तो चिकन राइसवाला अंकल, जो एरवी स्वतःला ताप असला तरी दुकान बंद ठेवत नाही. प्रत्येक जण शेजारच्याला सांगत होता की तिची आणि माझी ओळख काही वेगळीच होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईने तर मलाच विचारलं, "तुम्ही कशा काय ओळखता त्यांना?" पंधरा वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली मी, आणि ही मला विचारतेय! मी "शनिवारची मैत्रीण" एवढंच म्हटलं आणि पुढे सरकले. त्या बाईचा मला दिवसभर राग येत राहिला.

शनिवारची मैत्रीण हे तूच ठेवलेलं नाव. आंग मो किओच्या त्या इमारतीखाली, जिथे म्हातारे लोक सोंगट्यांचे डाव मांडून बसतात, त्या कोपऱ्यातल्या खोलीत दर शनिवारी सकाळी तुझं फुकट सल्ला केंद्र चालायचं. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि प्लास्टिकच्या लाल खुर्च्या. लिफ्टपाशी तुझा कागद चिकटवला होता, हिंदी बोलणारं कुणी हवं आहे म्हणून. मी आले ती तुला मदत करायला नव्हे. एक बाई खरंखुरं कोर्टाचं काम करते ते जवळून बघायला मिळेल, म्हणून आले. तुला वाटायचं मला समाजसेवेची आवड आहे. मीही तसं वाटू दिलं.

तुला माहीत होतं की मी पुण्यात एलएल.बी. केलं आणि चार वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली केली. माझ्या नवऱ्याला, सुहासला, इथे सिंगापूरला नोकरी लागली, आम्ही आलो, आणि इथे आल्यावर कळलं की माझी पदवी इथे चालत नाही. मग मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नियमपालनाच्या विभागात लागले, जिथे मला सगळे यूजे म्हणतात कारण उज्ज्वला म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. तुझी वळली. पहिल्याच शनिवारी तू चार वेळा म्हणून बघितलंस आणि पाचव्या वेळी बरोबर म्हटलंस. तेव्हासुद्धा मला आनंद आणि राग एकदमच आला होता. हिला हेही जमतं म्हणजे काय!

पेपरात तुझ्याबद्दल छापून आलंय: घानात जन्मलेली, लंडनला शिकलेली, इथल्या परीक्षा देऊन इथल्या कोर्टात उभी राहिलेली बहुधा पहिली काळी बाई. तू ते वाचून नाक मुरडलं असतंस. "पहिली कोण ते कशाला विचारतात? दुसरी अजून का आली नाही ते विचारा," असं तू एका मुलाखतवाल्या पोरीला सुनावलं होतंस. मी शेजारी बसून फायली लावत होते. माझ्या मनात आलं होतं, बाई गं, पहिली असण्याला नावं ठेवायलासुद्धा आधी पहिली असावं लागतं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं, ते आठवतं? दर दोन-तीन महिन्यांनी तू काढायचीस. "उज्ज्वला, तू पुन्हा शिक. इथली पदवी घे. मी परीक्षा दिली तेव्हा माझी अमा दीड वर्षाची होती आणि नवरा सोडून परत गेला होता." मी म्हणायचे, तुझी पदवी इंग्लंडची होती, तुझं अर्धं काम आधीच झालेलं होतं. एकदा मी चिडून बोलून गेले, "तू योग्य ठिकाणी जन्मलीस." तू इतकी हसलीस, इतकी हसलीस की सोंगट्या खेळणाऱ्या आजोबांनी आत डोकावून बघितलं. "मी? योग्य ठिकाणी?" मग तू सांगितलंस की एका मोठ्या इमारतीच्या दारात पहारेकऱ्याने तुला सलग तीन वर्षं विचारलं, मॅडम, तुम्ही कुणाला भेटायला आलात? चौथ्या वर्षी तू त्याला म्हणालीस, "तुम्हालाच." आणि त्याच्यासाठी कोपी, इथली ती दाट कॉफी, घेऊन गेलीस. नंतर त्याच्या मुलीच्या घटस्फोटाचं काम तूच केलंस. हे सगळं तू हसत सांगितलंस. भांडायचं तरी कसं अशा माणसाशी?

माझी इरासुद्धा तू नेलीस. नेलीस म्हणजे काय, तिने बिचारीने आपण होऊन निवडलं. चौदा-पंधराची असताना ती माझ्याबरोबर एका शनिवारी आली आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "ममा, आय वॉन्ट टू बी लाइक हर." आता कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रवेशासाठी तिने जो निबंध लिहिला, तो मला वाचायला दिला होता. दोन पानं तुझ्यावर. माझ्यावर एक वाक्य, ते असं की माझी आई मला तिथे घेऊन गेली. मी व्याकरणाच्या दोन चुका काढून तो परत दिला. रात्री सुहासला म्हटलं, छान लिहिलाय हो. तो म्हणाला, "पोटात दुखतंय ना?" दुखत होतंच.

तर आता मुख्य गोष्ट.

तू गेल्यानंतर चौथ्या दिवशी अमाचा फोन आला. तुझ्या लेकीचा आवाज तुझ्यासारखाच आहे, फोनवर क्षणभर तूच वाटलीस; इंग्रजी तेवढं इथलं, सिंगापुरी. "आँटी, द फ्रेम वन. यू रीड, कॅन?" शनिवारी, आपल्याच खोलीबाहेरच्या मोकळ्या जागेत शोकसभा ठेवली होती, आणि तिथे तुझ्या ऑफिसच्या भिंतीवरचं ते मराठी मानपत्र मी वाचून दाखवावं, अशी तिची इच्छा होती. मॉमला ते सगळ्यात जास्त आवडायचं, म्हणाली. मी हो म्हटलं. पण त्या मानपत्रात मी खोटं लिहिलंय. आणि त्या खोट्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, जी फक्त तुला आणि मला माहीत होती. आता फक्त मला.

मंगलची केस. आठ वर्षं झाली. पासिर रिसला राहणारी, नाशिककडची, नवऱ्याच्या नोकरीवर डिपेंडंट पासने आलेली. नवऱ्याने पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवला, म्हणून ती पहिल्यांदा आपल्याकडे आली. अंगठ्याच्या नखाने टेबलाची कड खरवडत बोलायची. तीन-चार महिने येत राहिली. येईल त्या दिवशी आपल्या वहीत सही करायची, सगळे करतात तशी. मग एक दिवस नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं, आणि त्याच्या वकिलाने एक इंग्रजी कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की मी स्वखुशीने भारतात परत जात आहे आणि मुलगी वडिलांकडे राहील. खाली मंगलची सही. मुलगी पाच वर्षांची.

मंगल म्हणत होती, मी सही केलेली नाही. तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. तू तो कागद उलटसुलट करून बघत होतीस. तुझ्या दृष्टीने, त्यांच्या वकिलाच्या दृष्टीने, खाली होती ती देवनागरीतली एक वेलांटीदार रेघोटी. मी चहा घेत होते. सहज मान वळवून बघितलं आणि वाचलं: सविता.

मी तुला सांगितलं की आमच्याकडे पुष्कळ घरांत लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. सासरचे तिला सविता म्हणतात, पण पासपोर्टवर ती मंगल आहे आणि आपल्या वहीत दर शनिवारी तिने मंगल अशीच सही केली आहे. ज्या कुणी हा कागद केला त्याच्या, किंवा तिच्या, डोळ्यांपुढे घरातलं नाव होतं, आणि घाईत तेच उतरलं. तिची नणंद त्या महिन्यात इथेच राहायला आली होती. तू खुर्चीतून उठून उभी राहिलीस. "लग्नात नाव बदलतात?" तुला तेच आधी पचेना. "मी शुक्रवारी जन्मले म्हणून एफुआ. माझं नाव वाराने ठेवलंय. नवरा कोण बदलणारा?" आणि मग तू माझे दोन्ही खांदे धरून हलवलेस. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला शनिवार होता. शिवाजीनगर सोडल्यापासून पहिल्यांदा मला वकील असल्यासारखं वाटलं होतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी, काम संपल्यावर, आपण अंकलकडे जेवायला बसलो. तू म्हणालीस की पासपोर्टवरची सही लग्नाआधीची आहे, समोरचे म्हणतील की लग्नानंतर तिने सही बदलली. आपल्याला अलीकडच्या सह्या हव्यात, आणि त्या करताना पाहणारं माणूस हवं. ती वही मी ठेवत होते. मंगलला सही करताना दर वेळी मी बघितलं होतं. प्रथा काय ते मला माहीत होतं. "तू प्रतिज्ञापत्रावर सही कर. शुक्रवारपर्यंत मी मसुदा पाठवते," तू म्हणालीस, जसं काही मीठ पुढे कर म्हणावं तसं.

आणि मी कच खाल्ली.

मंगलचा नवरा सुहासच्याच कंपनीत होता, त्याच मजल्यावर, सुहासपेक्षा वरच्या जागेवर. आमच्या पासचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं. गणपतीत त्यांचं कुटुंब आणि आमचं एका पंगतीला जेवलेलं. मी तुला हे सगळं सांगितलं, भरभर, खाली मान घालून. खरं तर यातलं एक कारण मी सांगितलंच नाही. मी बँकेत यूजे होते, तिथे कुणाच्या नजरेत नव्हते, आणि मला तसंच राहायची सवय झाली होती. वकील व्हायचं होतं मला, पण उभं राहायची वेळ आली तेव्हा मी बसूनच राहिले. तू ऐकून घेतलंस. "ओके," म्हणालीस. आणि चटणीची वाटी माझ्याकडे सरकवत विचारलंस, "अजून हवी?"

तू ओरडली असतीस तर किती बरं झालं असतं! मी तुझ्यावर रागावू शकले असते. पुढच्या शनिवारी मी येऊ की नको करत आले, तर माझी लाल खुर्ची टेबलाशी लावलेली, वर माझी वही. तू काही बोलली नाहीस. त्या शनिवारी नाही आणि नंतर कधीही नाही.

मग तू मुलीच्या बालवाडीत गेलीस. तिथल्या फॉर्मांवरच्या मंगलच्या सह्या शोधल्यास. तिथली एक मलय शिक्षिका आपण होऊन म्हणाली, मी बघितलंय तिला सही करताना, कुठे लिहून देऊ? तिलाही नोकरी होती, तिलाही घर होतं. देवनागरी वाचून दाखवायला तू प्रमाणित भाषांतरकार आणलास. पण फॉर्म मिळवणं, परवानग्या, तारखा, या सगळ्यात दोन महिने जास्त गेले. माझी एक सही असती तर ते गेले नसते. ते दोन महिने मुलगी बापाकडे होती आणि मंगल एका ओळखीच्या बाईच्या खोलीत गादी टाकून झोपत होती. शेवटी मुलगी तिला मिळाली. मंगलने विचारलं होतं एकदा, इतका उशीर का लागतोय मॅडम? मीच तुझं उत्तर मराठीत सांगितलं: कोर्टाची कामं, वेळ लागतो.

पुढच्या मार्चमध्ये आमच्या मराठी बायकांच्या गटाने महिला दिनाला तुझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. तू निळ्या-पिवळ्या कापडाचा तो मोठा झगा घालून आलीस, डोक्याला तसंच कापड बांधून, आणि हॉलमधल्या सगळ्या पैठण्या फिक्या पडल्या. आमच्यातली एक बाई कौतुकानेच म्हणाली, "काळी आहे, पण काय तेज आहे नाही!" तू मला विचारलंस, काय म्हणाली? मी म्हटलं, तू तेजस्वी दिसतेस म्हणाली. तिचा 'पण' मी गिळला. तुझ्यासाठी गिळला, का आमच्या अब्रूसाठी, देव जाणे.

आणि मग मी माईकवर मानपत्र वाचलं. "आमच्या भगिनी सौ. उज्ज्वला यांचा कायद्याचा सखोल अभ्यास आणि त्यांनी घेतलेला खंबीर पुढाकार यांमुळे एका मातेला तिचे लेकरू परत मिळाले. या कार्यात अ‍ॅडव्होकेट एफुआ यांचे मोलाचे सहकार्य लाभले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत." सहकार्य! खंबीर पुढाकार माझा, सहकार्य तुझं. आदल्या दिवशी लिहिताना माझा हात जराही थांबला नव्हता. मला वाटत होतं, हिला सगळंच मिळतं, हे एवढं एक पान माझं असू दे. तिला कुठे वाचता येतंय? सहीची वेळ आली तेव्हा मी हात वर केले आणि शालीच्या वेळी नाव पुढे केलं.

आश्चर्य म्हणजे कुणी काही म्हटलं नाही. मानपत्र कोण ऐकतं? मागे बटाटेवडे आले होते, त्यांचा वास सुटला होता. फक्त तिसऱ्या रांगेत मंगल मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. नंतर पाया पडली आणि म्हणाली, "ताई, छान लिहिलंत." तिला वाटत होतं मी खरोखरच सगळं केलं. तेव्हापासून ती मला आणखी मानायला लागली. दर दिवाळीला करंज्यांचा डबा.

सोमवारी तू मला ऑफिसात बोलावलंस. ते पान फ्रेममध्ये बसवून आणलं होतंस. "आता मला वाच, माझ्या भाषेत." मी इंग्रजीत बोलायला लागले, आणि काय झालं कुणास ठाऊक, जे लिहिलं नव्हतं तेच तोंडून येत गेलं. जिथे कुणी उभं राहत नव्हतं तिथे तुम्ही उभ्या राहिलात. ज्या आईचं नाव कुणाला वाचता येत नव्हतं, तिचं नाव तुम्ही कोर्टात मोठ्याने घेतलंत. तुझे डोळे भरून आले. तू ते भिंतीवर लावलंस, तुझ्या सनदेच्या शेजारी. पुढे कुणीही आलं की तू म्हणायचीस, उज्ज्वला, वाच ना, आणि मी तेच पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवायचे. इराला ते तोंडपाठ आहे. शनिवारी निघताना ती म्हणालीच, "ममा, डोंट स्ट्रेस. जस्ट डू द यूज्वल वन लाह."

तेच करणार होते. पण तुझ्या टेबलावर एक नियम होता: अशिलाचं म्हणणं लिहून झालं की ते त्याच्या भाषेत त्याला परत वाचून दाखवायचं, आणि त्याने मान हलवल्याशिवाय कागद पुढे जायचा नाही. शेकडो कागद मी असे वाचून दाखवले असतील. तुझा एक कागद तेवढा राहिला. आणि तिथे खुर्च्यांत मंगल बसली होती, तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन, पांढरी साडी नेसून.

मी फ्रेम हातात धरली आणि जे लिहिलंय ते वाचलं. आधी मराठीत, मग शब्दाला शब्द इंग्रजीत. "सहकार्य" हा शब्दही तसाच वाचला. मग म्हटलं, हे मी लिहिलं, कारण मला तिचा हेवा वाटत होता. इतकी वर्षं जे मी वाचून दाखवत होते ते यात लिहिलेलंच नाही. काम सगळं तिचं होतं, मी फक्त एक सही वाचली.

मग अमा उठली. म्हणाली, "बट आँटी, मॉम सेड द सेम थिंग वॉट." तू तिला नेहमी हेच सांगत आलीस म्हणे, की मंगलची केस उज्ज्वलाने जिंकली, मी नुसती उभी राहून बोलले. तिने माझा हात हातात घेतला. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अंकलही वाजवत होता. इरा माझ्याकडे अशी बघत होती, जशी ती आजवर फक्त तुझ्याकडे बघत आली.

एफुआ, माझं खोटंसुद्धा तू मला एकटीला ठेवू दिलं नाहीस. ते श्रेयही तू आधीच मला देऊन टाकलं होतंस. आणि मी नाही म्हणाले होते ते तू कुणालाच, स्वतःच्या लेकीलासुद्धा, सांगितलं नव्हतंस. तुझ्या शोकसभेत लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. पंधरा वर्षं जे हवं होतं ते मिळत होतं, आणि मला फक्त मान लववून खाली बसायचं होतं. मी दोन पावलं खुर्चीकडे गेलेसुद्धा.

मग वळले. मंगलकडे बघून मराठीत बोलले, कारण ते तिचं होतं. "मंगल, मुलगी दोन महिने उशिरा मिळाली ती माझ्यामुळे. एफुआने माझी सही मागितली होती. मी नाही म्हटलं. घाबरले. कोर्टाला वेळ लागतो हे मी तुला खोटं सांगितलं." अमा विचारायला लागली, काय म्हणालीस आँटी? मी तेच इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं, काहीही न गाळता. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. इराने मान खाली घातली. अमाने माझ्या हातातून फ्रेम घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली.

सभा संपल्यावर मंगल मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. ती शांतपणे म्हणाली, "ताई, त्या दोन महिन्यांत हिचा पहिला दात पडला होता."

मग तुझ्या फोटोसमोर गेली, चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि मुलीलाही करायला लावला. दर वेळी "येते हं ताई" म्हटल्याशिवाय न निघणारी मंगल माझ्याकडे न बघता स्टेशनच्या दिशेने चालू लागली. मी फोटोशेजारी उभी होते, अगदी हाताच्या अंतरावर. तुझा मला इतकी वर्षं हेवा वाटत आला, एफुआ, पण इतका कधीच वाटला नव्हता.